‘एर’ म्हणजे पाणी

ती ‘एर, एर’ म्हणत होती. सिस्टरला वाटलं, ती कुणाला तरी हाक मारतेय. शेजारच्या खाटेवरच्या काकू म्हणाल्या, पोरीच्या डोक्यात ताप गेला वाटते बाप्पा. मला काहीच वाटलं नाही, कारण मी वहिनीचा डबा, वहिनीची फाईल आणि माझं दुसऱ्या दिवशीचं सबमिशन यात अडकले होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वहिनीच्या बाळंतपणासाठी मी शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात दोन रात्री काढल्या. ही मुलगी दक्षिण गडचिरोलीतून रेफर होऊन आली होती. वय माझ्याएवढंच, फार तर वीस. नवरा खाली गेटपाशी, कारण बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत. सासू गावी, मोठ्या लेकराला सांभाळत. सोबत आलेली आशाताई पोहोचवून परत गेलेली. मराठी तिला दोन-चार शब्द यायचं, हिंदी त्याहून कमी. कळा वाढल्या की ती लोखंडी खाट घट्ट धरायची आणि कुणी ना कुणी ओरडायचं, ‘चिल्लाओ मत, सबको होता है.’

रात्री नऊच्या सुमारास मला सुचलं. माझी एक वर्गमैत्रीण धानोरा तालुक्यातली, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते. तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला. मैत्रिणीने गोंडीत दोन वाक्यं बोलली आणि खाटेवरची पोरगी आधी नुसती रडली. मग बोलायला लागली ती थांबेचना.

‘एर’ म्हणजे पाणी. ती दुपारपासून पाणी मागत होती.

दुसरी गोष्ट मैत्रिणीने मला फोन स्पीकरवरून काढायला लावून सांगितली. दुपारी एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. गरज पडली तर ऑपरेशन करायला संमती, असा तो नेहमीचा कागद. तिला मात्र वाटत होतं, तो कागद बाळ घेऊन जाण्याचा आहे. पोटातल्या कळांपेक्षा तिला त्या कागदाची भीती जास्त होती.

मैत्रीण पुढे अडीच तास फोनवर होती. काही मोठं बोलली नाही. श्वास घे, कूस बदल, नवरा खालीच आहे, बाळ तुझ्याजवळच राहणार. लेबर रूमच्या दारापाशी मात्र फोन थांबला. आत ती एकटी गेली. पहाटे मुलगी झाली, दोघी धडधाकट होत्या. म्हणजे रेकॉर्डवर सगळं व्यवस्थितच झालं. प्रश्न असा आहे, की ते खरंच व्यवस्थित झालं का?

माझं मत सरळ आहे. नागपूरच्या सरकारी प्रसूतिगृहांत आईच्या भाषेत बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली, मानधन मिळणारी सोबतीण हवी. आणि हे काम करायला सगळ्यात लायक कोणी असेल, तर ते आपल्याच वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेले लोक आहेत.

डूला म्हणजे कोण?

या कामाला जगात ‘डूला’ म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. डाना राफाएल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात तो आजच्या अर्थाने वापरात आणला. डूला डॉक्टर नसते, नर्स नसते, सुईणही नसते. ती तपासत नाही, औषध देत नाही, बाळ झेलत नाही. ती कळांच्या पूर्ण वेळात बाईपाशी थांबते. पाठ चोळते, पाणी देते, फिरायला हात देते, आत काय चाललंय ते समजेल अशा शब्दांत सांगते. आपल्याकडे हे काम आई, मावशी, शेजारची जाणती बाई करायची. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं आणि ही बाई दाराबाहेर राहिली.

हल्ली मोठ्या शहरांत डूला परत आलीय, पण पॅकेज म्हणून. ज्यांच्याकडे पैसा, इंग्रजी आणि खासगी खोली आहे, त्यांच्यासाठी. गंमत म्हणजे डूलाचा उपयोग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो श्रीमंतांच्या दवाखान्यात नव्हे. ग्वाटेमालातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांनी भरलेलं, गर्दीचं एक सरकारी रुग्णालय होतं. तिथे काही बायकांजवळ एक साधी स्त्री बसवली. तिची आणि त्यांची आधीची ओळख नव्हती, तिचं वैद्यकीय शिक्षण नव्हतं. ती फक्त बोलायची, हात धरायची, पाठ चोळायची. १९८०मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोबत असलेल्या बायकांचं बाळंतपण सरासरी ८.८ तासांत झालं आणि एकट्या असलेल्यांचं १९.३ तासांत.

तो अभ्यास लहान होता, त्यामुळे एवढ्यावर उड्या मारायला नकोत. पण पुढे जगभर असे प्रयोग झाले. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतले २६ प्रयोग आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. निष्कर्ष असा, की सतत सोबत असली की नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, सिझेरियन कमी होतात, कळांचा वेळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, असं म्हटलंय.

अमेरिकेत स्थलांतरित स्पॅनिशभाषक बायकांसाठी त्यांच्याच समाजातल्या बायका डूला होतात. ऑरेगन, मिनेसोटासारख्या राज्यांनी तर गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून डूलाला पैसे द्यायला सुरुवात केली. त्यांची अडचण आणि आपली अडचण एकच आहे. आईला दवाखान्याची भाषा येत नाही आणि दवाखान्याला आईची. फरक एवढाच, की त्यांच्या आया परदेशातून आलेल्या असतात. आपल्या आया मूळच्या इथल्याच आहेत. नागपूर हे शहर वसवणारा देवगडचा राजा बख्त बुलंद शहा गोंड होता, हे आपण शाळेत शिकलोय. त्याच्या शहरात गोंडीतून पाणी मागितलं तर कळत नाही, याला काय म्हणायचं?

‘इथे सगळ्यांना हिंदी येते’

आपण नागपूरकर या बाबतीत जरा भ्रमात असतो. इथे मराठी चालते, हिंदी चालते, दोन्हीची खिचडी तर पळते. मग अडचण कुठे? अडचण अशी, की मेडिकल, मेयो, डागा यांच्या दारात फक्त नागपूर येत नाही. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर येतं. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट येतं. त्यात गोंडी, माडिया, छत्तीसगढी, हलबी, कोरकू, सिरोंच्याकडची तेलुगू असते. २०११च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आणि कोरकू बोलणारे सव्वासात लाख आहेत. संथाली आणि बोडो २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेल्या, गोंडी अजून बाहेरच आहे. त्यामुळे सरकारी फॉर्मवर, फलकावर, संमतिपत्रावर ती दिसतच नाही.

बाजारात तोडकंमोडकं हिंदी पुरतं. कळा येताना पुरत नाही. तेव्हा माणूस आईची भाषाच बोलतो. तुम्हाला जोरात ठेच लागली की तुम्ही कोणत्या भाषेत ओरडता, आठवून बघा.

आणि आता हा प्रश्न मागे टाकण्यासारखा राहिलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. हे मोठं यश आहे. जननी सुरक्षा योजना, मोफत प्रसूती, १०२ आणि १०८च्या गाड्या, आशाताईंची पायपीट यातून ते आलंय. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२०च्या नोंदीत लाखामागे ३३वर आला, देशाचा तेव्हा ९७ होता. म्हणजे ‘बाईला दवाखान्यात आणा’ ही लढाई आपण बऱ्यापैकी जिंकली. आता पुढचा प्रश्न आहे, की आणल्यावर तिच्याशी वागतो कसं? कारण जी बाई अपमान आणि भीती घेऊन गावी जाते, ती पुढच्या वेळी उशिरा निघते. ती शेजारणीलाही सांगते, तिकडे नको जाऊ.

हे विदर्भाला नवीन नाही

आपल्या भागात हे ज्यांना आधी समजलं, त्यांनी आधी भाषा धरली. १९७३मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. त्याशिवाय रुग्ण जवळच येत नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्या गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्या आरोग्यदूत बायका फार शिकलेल्या नव्हत्या. पण त्या गावच्या होत्या, भाषा तीच होती, दार त्यांच्यासाठी उघडायचं.

मग जे हेमलकशात १९७३ला कळलं, ते ऑरेंज सिटीत अजून का कळू नये?

नियम आहे, माणूस नाही

खरं तर सरकारला हे मान्य आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीला एक व्यक्ती असू द्यावी, असं सांगितलं. तामिळनाडूने तर ते २००४पासूनच सुरू केलं होतं. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानाने वागवण्याच्या भागात सोबतीचा मुद्दा आहे.

पण २०१६च्या अटी वाचा. सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. स्वच्छ कपडे, संसर्गजन्य आजार नको, पूर्ण वेळ थांबायची तयारी, कामात ढवळाढवळ नको, खोलीतल्या दुसऱ्या बायकांकडे लक्ष द्यायचं नाही. खोलीत आडोसा पाळला जात असेल तरच नवरा चालेल. शहरातल्या बाईसाठी या अटी ठीक आहेत. पण भामरागडहून आलेल्या मुलीचं काय? गडचिरोली इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, भामरागड तिथूनही जवळपास तेवढंच पुढे. अॅम्ब्युलन्समध्ये सोबत कोण बसणार, सासू की नवरा? बसला नवरा, तर तो गेटवर. म्हणजे ज्या बाईला सोबतीची गरज सर्वांत जास्त, तिच्याचसाठी नियम कोरडा.

म्हणून मागणी छोटी आहे. नात्यातली बाई हजर नसेल आणि आईची इच्छा असेल, तर प्रशिक्षित सोबतीण आत जाऊ शकेल, एवढी एक ओळ नियमात हवी. एका वेळी एका आईसाठी एकच सोबतीण. आधी आईला विचारायचं. ती नको म्हणाली तर नको.

कोण करेल हे?

इथे आपला नंबर लागतो. नागपुरात आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत शेकडो मुली राहतात. गोंडी, माडिया, कोरकू, छत्तीसगढी त्यांच्या तोंडात आहे. त्यातल्या अनेकजणी समाजकार्य, गृहविज्ञान, नर्सिंग शिकतात. आपण मात्र त्यांच्या भाषेला काय समजतो? माझी ती मैत्रीण दुसऱ्या दिवशी जे बोलली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, तीन वर्षांत नागपुरात पहिल्यांदाच माझी गोंडी कुणाच्या कामी आली. कॉलेजात ती घरच्यांचा फोन बाहेर जाऊन घेते. आतापर्यंत मला वाटायचं, बॉयफ्रेंड असेल. ती गोंडीत बोलताना कुणी हसू नये म्हणून बाहेर जायची.

आपण जर्मनीच्या, जपानीच्या क्लासला हजारो रुपये भरतो, सीव्हीवर लिहितो. गोंडी कुणी सीव्हीवर लिहीत नाही. ती लिहिण्यासारखी गोष्ट व्हावी, असं काम समोर असायला हवं.

पण एक गोष्ट ठणकावून सांगते. हे काम फुकट नको. ‘सेवा’ म्हणून, प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल देऊन तर नकोच. बायकांच्या कष्टाला सेवा म्हणायचं आणि पैसे बुडवायचे, ही आपली जुनी सवय आहे. आशाताईंना मानधनासाठी किती वेळा रस्त्यावर बसावं लागलं, ते आपण पाहिलंय. ‘कमवा आणि शिका’मधून ग्रंथालयात पुस्तकं लावायला पैसे मिळू शकतात, तर रात्रभर कुणाची पाठ चोळायला का नाही? प्रत्येक पाळीचं मानधन, रात्रीच्या प्रवासाची सोय, हिपॅटायटीस बीची लस आणि आधी नीट प्रशिक्षण, ही किमान तयारी.

प्रशिक्षणात शिकवायचं काय, यापेक्षा थांबायचं कुठे हे जास्त महत्त्वाचं. सोबतिणीने वैद्यकीय सल्ला द्यायचा नाही. डॉक्टर जे बोलले तेच सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, कापायचंही नाही. संमतीचा कागद समजावायचं काम डॉक्टरांचं, हिने फक्त ते तिच्या भाषेत पोहोचवायचं. अंगठा दे म्हणून आग्रह करायचा नाही. आणि आतलं काहीही बाहेर बोलायचं नाही. फोटो नाही, स्टोरी नाही, रील तर विचारातही नाही.

आक्षेप येतील, यावेत

पहिला आक्षेप डॉक्टरांचा. आधीच एका खोलीत इतक्या बायका, त्यात आणखी माणसं? गर्दी खरी आहे. निवासी डॉक्टर सलग किती तास उभे असतात, तेही मी पाहिलं. ओरडणारी सिस्टर दुष्ट नव्हती, तिच्याकडे एकटीकडे अख्खा वॉर्ड होता. पण विचार करा, जिला काय चाललंय ते कळतं ती आई जास्त घाबरते की कमी? पाणी कुणी द्यायचं, कुशीवर कुणी वळवायचं, ही कामं सोबतिणीने केली तर सिस्टरचा हात मोकळा होईल की अडकेल? सुरुवात एका रुग्णालयात, एका भाषेपासून, फक्त रात्रपाळीत करून बघा. नाही जमलं तर बंद करा.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला. लग्न न झालेल्या पोरींनी लेबर रूममध्ये काय करायचं? अहो, नर्सिंगच्या विद्यार्थिनी अठरा-एकोणिसाव्या वर्षी तिथेच उभ्या असतात, तेव्हा कुणी विचारत नाही. आणि बाळंतपण स्वतः अनुभवलेलं असावं, या अटीबद्दल तर एकच आठवण पुरे. १८६३मध्ये पुण्यात जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं तिथे सुखरूप होत. सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. तरी त्या बायकांजवळ उभं राहायला त्यांना काही कमी पडलं नाही.

तिसरा आक्षेप, मुलांनी काय करायचं? भरपूर. गेटपाशी बसलेला तो नवरा आठवा. त्याला रक्तपेढी कुठे, कोणता कागद कुठे, पाहुण्यांसाठी जेवण कुठे, काहीच कळत नाही. त्याला भाषा जाणणारा एक मित्र हवा असतो. ते काम मुलांचं.

चौथा आक्षेप, भाषांतराचं अॅप आहे की! असेल. अॅप शब्द सांगेल. पाठ चोळणार नाही.

आणि शेवटचा आक्षेप मी स्वतःच घेते. सोबतीण आली म्हणून धानोऱ्यात, भामरागडात स्त्रीरोगतज्ज्ञ नसण्याचा प्रश्न सुटत नाही. तिकडे डॉक्टर हवेत, ऑपरेशनची सोय हवी, पावसाळ्यात तुटणार नाहीत असे पूल हवेत. हे सगळं मागत राहायचंच. पण ते होईपर्यंत जी आज रात्री इथल्या खाटेवर आहे, तिला पाणी तर मिळायला हवं.

तोवर आपण?

नियम बदलायला वेळ लागेल. तुमच्या कॉलेजच्या एनएसएस युनिटने मात्र परवानगीचा अर्ज उद्याही देता येतो. लेबर रूमच्या आत नाही, तर बाहेर. नोंदणीच्या खिडकीजवळ, प्रसूतीपूर्व तपासणीच्या रांगेत, जिथे भाषा अडते तिथे. वसतिगृहातल्या ज्या मुली तयार असतील, त्यांच्या नंबरांची एक यादी वॉर्डातल्या सिस्टरकडे असली, तरी मध्यरात्री एक फोन लागू शकतो. आणि ज्यांना फक्त मराठी-हिंदी येते, त्यांनी एवढं करावं, की वर्गात कुणी फोनवर वेगळ्या भाषेत बोललं तर हसू नये.

मी आणि मैत्रिणीने एक वही केलीय. पाणी, दुखतं, कूस, थंडी, बाळ, भीती, घरचे, लघवी. साठेक शब्द झालेत, गोंडी आणि माडियात. कोरकूसाठी ती मेळघाटातल्या एका ज्युनियरला धरून आणते. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. वही तपासून झाली की झेरॉक्स काढून वॉर्डावॉर्डांत द्यायचा विचार आहे, कुणी घेतली तर.

पहिल्या पानावर पहिला शब्द अर्थातच ‘एर’ आहे.